बेस ऑइलचे पाच ग्रुप: आकडा वाढला म्हणजे तेल चांगलं, असं नसतं

घर्षणशत्रू

परवा इंजिन ऑइलच्या धाग्यावर नेहमीची जुंपली. एक बाजू म्हणते मिनरल तेल म्हणजे गाडीशी वैर, दुसरी म्हणते सिंथेटिक म्हणजे निव्वळ जाहिरात. दीडशे प्रतिसाद झाले, पण डब्यातलं तेल मुळात बनतं कशाचं हे कुणी विचारलंच नाही. म्हणून हा वेगळा धागा. लांबलाय, सवडीने वाचा.

कुठल्याही वंगण तेलात दोनच गोष्टी असतात: बेस ऑइल आणि त्यात विरघळवलेली अ‍ॅडिटिव्ह. इंजिन ऑइलमध्ये बेस साधारण ७५ ते ९० टक्के. टर्बाइन ऑइलमध्ये तर जवळजवळ ९९ टक्के बेसच. ग्रीससुद्धा बहुतांशी तेलच असतं, साबण ते नुसतं धरून ठेवतो. जाहिराती मात्र सगळ्या उरलेल्या टक्क्यांवर.

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट म्हणजे एपीआयने बेस ऑइलचे पाच ग्रुप पाडलेत. पहिल्या तिघांची वाटणी तीन मोजमापांवर होते: संपृक्त हायड्रोकार्बन किती, गंधक किती आणि व्हिस्कॉसिटी इंडेक्स म्हणजे व्हीआय किती. संपृक्त ९० टक्क्यांखाली किंवा गंधक ०.०३ टक्क्यांवर, यातलं एक जरी झालं तरी ग्रुप १. संपृक्त ९० किंवा जास्त आणि गंधक ०.०३ किंवा कमी, असं दोन्ही जमलं तर ग्रुप २. या दोघांचा व्हीआय ८० पासून १२० च्या आत. ग्रुप २ च्या अटी पाळून व्हीआय १२० किंवा त्यावर गेला की ग्रुप ३. ग्रुप ४ मध्ये एकटं पॉलिअल्फाओलेफिन, म्हणजे पीएओ. ग्रुप ५ मध्ये उरलेलं सगळं. बाजारात "टू प्लस" आणि "थ्री प्लस" असंही ऐकू येतं, ती विक्रेत्यांची नावं आहेत, एपीआयच्या यादीत नाहीत.

आता नीट बघा. पहिले तीन ग्रुप मोजमापावरून, चौथा रसायनावरून आणि पाचवा "कुठेच बसत नाही" म्हणून. म्हणजे ही पहिली ते पाचवी अशी चढती शाळा नव्हे. ग्रुप ५ मध्ये विमानाच्या जेट इंजिनात चालणारं एस्टर आहे आणि ३० व्हीआयचं नॅफ्थेनिक तेलही आहे. दोघं एकाच बाकावर.

व्हीआयबद्दल थोडं. तेल तापलं की पातळ होतं, ते किती झपाट्याने होतं याचा हा आकडा. जितका मोठा, तितका तापमानाचा परिणाम कमी. डीन आणि डेव्हिस यांनी १९२९ मध्ये ही मोजपट्टी मांडली. पेनसिल्व्हेनियाच्या क्रूडपासून काढलेल्या तेलाला १०० गुण आणि अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावरच्या क्रूडच्या तेलाला शून्य. त्या काळी १०० म्हणजे बाजारातला अव्वल माल. आज साधं ग्रुप २ तेलही त्याच्या आसपास असतं. हल्ली ४० आणि १०० अंश सेल्सिअसला व्हिस्कॉसिटी म्हणजे तेलाची जाडी मोजून हा आकडा काढतात.

बनवण्याच्या पद्धतीत खरी गंमत आहे. सुरुवात सगळ्यांची एकच: क्रूडचा जड भाग निर्वातात उकळून वेगवेगळ्या जाडीचे थर काढायचे. ग्रुप १ मध्ये पुढचं सगळं काम "नको ते बाहेर काढा" या तत्त्वावर. फरफ्युरल किंवा एनएमपीसारख्या सॉल्व्हंटने कड्यांच्या आकाराचे असंपृक्त अ‍ॅरोमॅटिक रेणू ओढून घ्यायचे. मग एमईके आणि टोल्युइनच्या मिश्रणात तेल गार करून मेण गोठवायचं आणि गाळून टाकायचं. शेवटी हायड्रोजनचा हलका हात फिरवायचा. उरलेले रेणू जवळपास तसेच राहतात, म्हणून इथे क्रूड जसं तसं तेल. चांगलं क्रूड मिळालं नाही तर कारागिरी कितीही असो, हाती फार काही लागत नाही.

ग्रुप २ आणि ३ मध्ये रेणूच बदलतात. प्रचंड दाब, तापमान, हायड्रोजन आणि कॅटॅलिस्ट. अ‍ॅरोमॅटिक कडी संपृक्त होतात, काही उघडतात, गंधक हायड्रोजन सल्फाइड होऊन निघून जातो. मेणाचं तर आणखी छान. सरळ साखळीचे रेणू थंडीत एकमेकांना चिकटून स्फटिक बनवतात, तेच मेण. त्याच साखळीला एखादी फांदी फुटली की रेणू नीट रचता येत नाहीत, तेल वाहतं राहतं आणि व्हीआयही चांगला राहतो. मेण फेकण्याऐवजी त्याचंच उत्तम तेल करायचं, ही ती युक्ती. शेव्हरॉनने कॅलिफोर्नियातल्या रिचमंड रिफायनरीत १९९३ मध्ये हे तंत्र व्यापारी पातळीवर चालवलं आणि त्यानंतर ग्रुप १ चे प्लांट हळूहळू बंद पडू लागले.

पीएओ क्रूडच्या थरांतून येतच नाही. इथिलीनपासून १-डेसीन, त्याचे तीन-चार रेणू एकमेकांना जोडायचे, उरलेले दुहेरी बंध हायड्रोजनने भरायचे. डब्यावर पीएओ ४, पीएओ ६ असं लिहिलेलं असतं, तो आकडा म्हणजे १०० अंशाला तेलाची जाडी किती सेंटिस्टोक. त्यात मेण नसतंच, त्यामुळे पीएओ ४ चा पोअर पॉइंट, म्हणजे तेल वाहतं राहण्याचं सगळ्यात कमी तापमान, उणे ६० च्याही खाली.

ग्रुप ५ बद्दल प्रतिसादांत बोलू, नाहीतर हा लेख संपायचा नाही.

सेकंड_गिअर

पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा)! पहिल्यांदा कुणीतरी व्हीआय समजावला. एक शंका. माझ्या तेलाच्या डब्यावर "फुल्ली सिंथेटिक" लिहिलंय. म्हणजे ते पीएओ का?

घर्षणशत्रू

@सेकंड_गिअर, बहुधा नाही. आणि यामागे मजेदार भांडण आहे.

पूर्वी सिंथेटिक म्हणजे पीएओ किंवा एस्टर, असा साधा समज होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कॅस्ट्रॉलने अमेरिकेत आपल्या सिंटेक तेलात पीएओच्या जागी हायड्रोजनने जोरदार प्रक्रिया केलेलं बेस वापरायला घेतलं. मोबिलने आक्षेप घेतला की हे सिंथेटिक नव्हे. प्रकरण तिथल्या नॅशनल अ‍ॅडव्हर्टायझिंग डिव्हिजनकडे गेलं. हे न्यायालय नव्हे, जाहिरातींची स्वनियमन करणारी संस्था. १९९९ मध्ये निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. मुद्दा असा की रेणू रासायनिकरीत्या इतके बदललेत की त्याला सिंथेटिक म्हणायला हरकत नाही. तेव्हापासून बहुतेक देशांत ग्रुप ३ च्या तेलावर बिनदिक्कत सिंथेटिक छापतात. जर्मनी मात्र वेगळी वाट धरून आहे, तिथे "फोलसिंथेटिश" हा शब्द ग्रुप ४ आणि ५ पुरता राखलेला असतो.

"सेमी सिंथेटिक" चं तर विचारूच नका. त्यात सिंथेटिक किती असावं याला सगळीकडे लागू होणारी किमान मर्यादाच नाही.

शंकासूर

म्हणजे फसवणूकच की! पीएओचे पैसे घ्यायचे आणि डब्यात क्रूड घालायचं. वर संस्था त्याला आशीर्वाद देणार. छान चाललंय.

रेणू_बंध

शंकासूर, थोडा दम धरा. मी प्रयोगशाळेत काम करते, तेलं हातात घेऊन बघते.

१०० अंशाला ४ सेंटिस्टोक जाडीची तीन तेलं घ्या: ग्रुप १, ग्रुप ३, पीएओ. नोअ‍ॅक चाचणीत तेल २५० अंशाला एक तास तापवून किती टक्के उडून जातं ते मोजतात. ग्रुप १ मधून साधारण पाव भाग किंवा जास्तच उडतो. ग्रुप ३ मधून साधारण १३ ते १५ टक्के. पीएओमधूनही तेवढंच किंवा थोडं कमी. व्हीआय बघाल तर ग्रुप ३ आणि पीएओ ४ दोघंही १२० च्या आसपास. ऑक्सिडेशनच्या चाचणीत, योग्य अँटिऑक्सिडंट घातल्यावर, चांगलं ग्रुप ३ पीएओच्या अंगाला अंग लावून उभं राहतं. रसायन म्हणून दोघंही फांद्या असलेले संपृक्त हायड्रोकार्बनच. एक वरून खाली मोडत आणलेलं, दुसरं खालून वर जोडत नेलेलं.

फरक कुठे पडतो? थंडीत. ग्रुप ३ चा पोअर पॉइंट उणे १५ ते २० च्या आसपास, पोअर पॉइंट डिप्रेसंट घातलं की आणखी खाली जातो, पण पीएओची बरोबरी होत नाही. एसएईच्या जे३०० तक्त्यात ५डब्ल्यूसाठी उणे ३० ला आणि ०डब्ल्यूसाठी उणे ३५ ला क्रँकिंगची, म्हणजे थंड इंजिन सुरू करतानाची, व्हिस्कॉसिटी मोजतात. ०डब्ल्यू गाठायचं तर फॉर्म्युला बनवणारा बऱ्याचदा पीएओकडे किंवा जीटीएलकडे वळतो. उणे तापमान कधी बघायलाच न मिळणाऱ्या इंजिनाला या फरकाचा काय उपयोग, ते तुम्हीच ठरवा.

त्यामुळे "क्रूड घातलंय" हे शास्त्राला धरून नाही. किंमत जास्त लावली असेल तर तो वेगळा वाद, तिथे मी तुमच्या बाजूची.

शंकासूर

बरं, अर्धी माघार. पण जीटीएल हे काय नवीन?

घर्षणशत्रू

नैसर्गिक वायूपासून तेल. वायूचं आधी कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन करायचं, मग फिशर-ट्रॉप्श प्रक्रियेने त्याच्या लांब साखळ्या बांधायच्या. हाती येतं शुद्ध मेण. त्याला मघाचीच फांद्यांची युक्ती. शेलच्या कतारमधल्या पर्ल प्लांटमधून २०११ पासून असं तेल येतं. गंधक जवळजवळ नाहीच, व्हीआय ग्रुप ३ च्या वरच्या टोकाला. एपीआयच्या हिशोबात ते ग्रुप ३ मध्येच, कारण एपीआय "कुठून आलं" विचारत नाही, "मोजमाप काय" विचारतं. याच न्यायाने वापरलेलं तेल पुन्हा शुद्ध करून, नीट डिस्टिल करून आणि हायड्रोजनने धुऊन ग्रुप २ मध्ये बसलं, तर ते ग्रुप २ च.

पाना_स्पॅनर

सगळे गाड्यांवरच अडकलेत, म्हणून मेंटेनन्सवाली बाजू मांडते.

आमच्याकडे एका टर्बाइनला अनेक वर्षं ग्रुप १ चं तेल होतं. बदलताना ग्रुप २ घातलं, कागदावर सगळंच सरस. आरपीव्हीओटी नावाची चाचणी असते, ऑक्सिजनच्या दाबाखाली तेल किती मिनिटं तग धरतं ते मोजते. ग्रुप १ ची टर्बाइन ऑइलं तिथे काहीशे मिनिटांत हार मानतात, ग्रुप २ ची हजार ओलांडतात. सगळे खूश. काही काळाने सर्वो व्हॉल्व्ह चिकटायला लागले. उघडून बघतो तर स्पूलवर तपकिरी, चिवट थर. वार्निश.

तेल खराब झालेलं नव्हतं. अ‍ॅसिड नंबर (तेलात किती आम्ल साठलंय त्याचा आकडा) ठीक, व्हिस्कॉसिटी ठीक, रंगही बरा. मग घोटाळा कुठे?

रेणू_बंध

घोटाळा विरघळवण्याच्या ताकदीत. ज्या अ‍ॅरोमॅटिकना आपण खलनायक म्हणून बाहेर काढतो, तेच तेलाला विरघळवण्याची शक्ती देतात. तेल म्हातारं होताना ध्रुवीय कचरा तयार होतोच. ग्रुप १ तो पोटात घेऊन फिरतं. ग्रुप २ आणि ३ इतके "स्वच्छ" असतात की त्यांना तो पचत नाही आणि जिथे धातू गार असेल तिथे ते तो बाहेर टाकतात. सर्वो व्हॉल्व्ह म्हणजे अगदी तीच जागा, बारीक फटी आणि कमी प्रवाह.

हे मोजायचं तर अ‍ॅनिलीन पॉइंट बघतात, म्हणजे तेल त्या नावाच्या द्रवात पूर्ण मिसळतं ते तापमान. तो जितका कमी, तितकी विरघळवण्याची ताकद जास्त. नॅफ्थेनिकचा सगळ्यात कमी, मग ग्रुप १, मग २ आणि ३, आणि पीएओचा सगळ्यात वर. म्हणून पीएओच्या तेलात अ‍ॅडिटिव्ह नीट विरघळून राहावीत यासाठी थोडं एस्टर किंवा अल्किलेटेड नॅफ्थलीन घालतात. त्याचा दुसरा फायदा सीलना. पीएओ सील किंचित आकसवतं, एस्टर ते फुगवतं, दोघांचा मेळ घातला की सील जागच्या जागी.

आणखी एक. शुद्ध बेस वीज वाहून नेत नाही. बारीक फिल्टरमधून जोरात गेलं की स्थिर विद्युत साठते आणि ठिणग्या पडतात. त्या ठिणग्यांच्या जागी तेल क्षणभर भयंकर तापतं आणि वार्निशचा कच्चा माल तयार होतो. पाना_स्पॅनर, तुमच्या फिल्टरवर जळल्याच्या काळ्या खुणा होत्या का?

पाना_स्पॅनर

होत्या! आम्हाला वाटलं घाण आहे.

मग आम्ही एमपीसी चाचणी सुरू केली. तेलाचा नमुना बारीक मेम्ब्रेनमधून गाळायचा आणि त्यावर पडलेल्या डागाचा रंग मोजायचा. तिथे आकडा सरळ वर. नेहमीच्या तपासणीत यातलं काहीच दिसत नव्हतं. आता मी कुणालाही सांगते, ग्रुप १ चं टर्बाइन ऑइल हळूहळू म्हातारं होतं, अ‍ॅसिड नंबर आधी हळू चढून इशारा देतो. ग्रुप २ बराच काळ तरुण दिसतं आणि अँटिऑक्सिडंट संपलं की एकदम कोसळतं. म्हणून अ‍ॅसिड नंबरवर विसंबायचं नाही, उरलेलं अँटिऑक्सिडंट मोजत राहायचं. आणि बदलायच्या आधी जुनं तेल नीट काढून सिस्टिम धुवायची, कारण पाइपांत साठलेला जुना कचरा नवं तेल वाहून नेईल, पण पचवणार नाही.

जुनं ते सोनं असं म्हणत नाही. पण मोठ्या, हळू फिरणाऱ्या यंत्रांत ग्रुप १ चं जाड तेल अजून कामाचं आहे. ब्राइट स्टॉक माहीत आहे ना? डिस्टिलेशनच्या तळाशी उरलेल्या जाड रेसिड्यूमधून प्रोपेनने डांबर वेगळं काढून जे जाडजूड तेल मिळतं ते. १०० अंशालाही ३० सेंटिस्टोकच्या आसपास. गिअर ऑइल, जहाजांच्या सिलिंडरचं तेल, जड ग्रीस, सगळीकडे लागतं. ग्रुप १ चे प्लांट बंद पडले की ब्राइट स्टॉकची चणचण भासते, कारण हायड्रोक्रॅकर जाड रेणू फोडूनच टाकतो. पर्याय म्हणून जाड पीएओ किंवा पॉलिआयसोब्युटिलीन वापरतात.

वाचनमात्र

वाखुसा (वाचनखूण साठवली). अवांतर: मांडणी उत्तम, पण पाचवा ग्रुप राहिलाच की!

रेणू_बंध

घेते.

*नॅफ्थेनिक.* मेण नसतं म्हणून थंडीत मोकळं वाहतं, विरघळवण्याची ताकद जबरदस्त, व्हीआय वाईट. ट्रान्सफॉर्मर ऑइल म्हणून त्याचा दबदबा फार जुना. ट्रान्सफॉर्मरमध्ये तेलाचं काम इन्सुलेशन आणि उष्णता वाहून नेणं, तिथे व्हीआयचं कौतुक कुणाला?

*एस्टर.* आम्ल आणि अल्कोहोल जोडून बनतं. ध्रुवीय असल्यामुळे धातूला धरून राहतं आणि कचरा विरघळवतं. जेट इंजिनांची तेलं पॉलिऑल एस्टरची, कारण तिथलं तापमान बाकी कुणाला झेपत नाही. दुबळा मुद्दा पाणी. पाणी आणि उष्णता एकत्र आली की एस्टर पुन्हा आम्ल आणि अल्कोहोलमध्ये फुटू लागतं. वनस्पती तेलंही एस्टरच, व्हीआय २०० च्या आसपास, पण दुहेरी बंधांमुळे लवकर ऑक्सिडाइज होतात. चेन सॉच्या तेलासारख्या, जमिनीवर सांडूनच जाणाऱ्या कामाला ती चांगली.

*पीएजी, म्हणजे पॉलिअल्किलीन ग्लायकॉल.* वर्म गिअरला वरदान, घर्षण खूप कमी. पण हवेतलं पाणी ओढून घेतं आणि बहुतेक पीएजी मिनरल तेलात मिसळत नाहीत. याबद्दल खाली कुणी विचारेलच.

*फॉस्फेट एस्टर.* सहज पेट घेत नाही, म्हणून विमानांच्या हायड्रॉलिकमध्ये आणि काही टर्बाइनच्या कंट्रोलमध्ये. रंग उडवतं, डोळ्यात गेलं तर भयंकर जळजळ.

*सिलिकॉन.* व्हीआय अफाट, पण पोलादावर पोलाद घासलं जातं तिथे कुचकामी. रबर आणि प्लॅस्टिकला ठीक.

सीलबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवा. ईपीडीएम रबर मिनरल तेलात फुगून बाद होतं, पण फॉस्फेट एस्टर आणि ग्लायकॉलच्या ब्रेक फ्लुइडला तेच लागतं. नायट्राइल बरोबर उलटं. ब्रेकच्या टाकीत चुकून इंजिन ऑइल गेलं तर सगळे सील बदलावे लागतात ते यामुळेच.

सेकंड_गिअर

मी विचारतोच. वाटेत तेल कमी पडलं आणि सिंथेटिकवर मिनरल ओतलं तर आत गाळ होतो, असं प्रत्येक जण सांगतो. खरं?

घर्षणशत्रू

इंजिन ऑइलपुरतं खोटं. एपीआयच्या दर्जाची इंजिन ऑइलं एकमेकांत मिसळली पाहिजेत अशी अटच असते, त्यासाठी मिसळण्याची वेगळी चाचणी आहे. पीएओ, ग्रुप १, २, ३ सगळे हायड्रोकार्बन, एकमेकांत आरामात विरघळतात. तुमचं महाग तेल थोडं पातळ पडेल, म्हणजे गुणाने, एवढंच. गरज असताना कोरडं चालवण्यापेक्षा मिळेल ते योग्य ग्रेडचं तेल ओता.

कारखान्यात मात्र हा नियम नेऊ नका. पीएजीच्या गिअरबॉक्समध्ये मिनरल तेल गेलं तर दोघं वेगळे राहतात, त्यांचा चिकट राडा होऊ शकतो आणि फिल्टर तुंबतात. टर्बाइन आणि हायड्रॉलिकमध्ये बेस सारखा असला तरी अ‍ॅडिटिव्हची आम्लधर्मी आणि अल्कधर्मी जात जुळत नसेल तर साबणासारखा गाळ पडतो. एअर कंडिशनरच्या कॉम्प्रेसरचंही तसंच. आर-१२ या थंडावा देणाऱ्या वायूच्या काळात मिनरल तेल चालायचं. आर-१३४ए आला आणि तो मिनरल तेलात नीट मिसळेना. तेल कॉम्प्रेसरमध्ये परत येईना. म्हणून गाड्यांत पीएजी आणि फ्रिजमध्ये पॉलिऑल एस्टर आलं.

शंकासूर

कंपनी डब्यावर ग्रुप लिहीत नाही. डेटाशीटवर व्हीआय १६५ दिसला की पीएओ समजायचं का? सांगा काहीतरी, म्हणजे मी पुन्हा भांडायला मोकळा.

रेणू_बंध

नाही! इथे भले भले फसतात. डेटाशीटवर असतो तो तयार तेलाचा व्हीआय. मल्टिग्रेडमध्ये व्हिस्कॉसिटी इम्प्रूव्हर म्हणजे लांब पॉलिमर घातलेले असतात, ते व्हीआय वर ढकलतात. ग्रुप १ चं तेलही त्याने १५० गाठू शकतं. नंतर गिअरच्या दातांत आणि बेअरिंगमध्ये पॉलिमर कातरले जातात आणि तेल पातळ होतं, ते वेगळं दुःख. पोअर पॉइंटही तसाच फसवा, डिप्रेसंटमुळे.

थोडं खरं बोलतो तो नोअ‍ॅक. अ‍ॅडिटिव्ह घालून हलकं तेल उडायचं थांबत नाही. युरोपातल्या वाहन उत्पादकांच्या एसीईए संघटनेच्या बहुतेक वर्गांत मर्यादा १३ टक्के, आयएलसॅक या इंजिन ऑइलच्या दुसऱ्या दर्जाची १५. ५डब्ल्यू-३० तेल ८-९ टक्क्यांत असेल तर बेस चांगलाच आहे.

आणि एक आडवाट. उत्पादनाची सेफ्टी डेटा शीट मागवा, त्यातल्या घटकांचे सीएएस नंबर, म्हणजे रसायनांचे नोंदणी क्रमांक, बघा. ६८०३७-०१-४ दिसला तर पीएओ. ८४८३०१-६९-९ म्हणजे फिशर-ट्रॉप्शचं, जीटीएल. ६४७४२-६५-० म्हणजे सॉल्व्हंटने मेण काढलेलं जड पॅराफिनिक, बहुधा ग्रुप १. ६४७४२-५४-७ म्हणजे हायड्रोट्रीट केलेलं जड पॅराफिनिक, त्यात ग्रुप २ ही बसतं आणि ३ ही, त्यामुळे तिथे पेच सुटत नाही. प्रमाण दिलं असलं तरी मोठ्या पट्ट्यात असतं, "५० ते ७५ टक्के" असं. भांडायला तेवढं पुरेल.

पण खरं सांगू? माझ्या गाडीत तेल घालताना मी ग्रुप बघतच नाही. गाडीच्या मॅन्युअलमध्ये जो ग्रेड आणि जी मान्यता लिहिलीय ती डब्यावर आहे का, बास. ती मान्यता इंजिन चालवून मिळते, बेसच्या नावावर नाही.

घर्षणशत्रू

याला जोरदार +१. दोन ग्रुप ३ तेलांत जितका फरक असतो, तितका कधी कधी ग्रुप ३ आणि ४ मध्ये नसतो. अ‍ॅडिटिव्हचं पॅकेज बेसइतकंच बोलतं.

आरोग्यम्

एक वैद्यकीय टीप, मग मी वाचनात परत. "मिनरल ऑइल" एकाच शब्दात कुठे कुठे वापरतात बघा. बद्धकोष्ठासाठी दिलं जाणारं लिक्विड पॅराफिन हे अतिशुद्ध बेस ऑइलच. उलट अजिबात न शुद्ध केलेलं किंवा अर्धवट शुद्ध केलेलं मिनरल तेल आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत माणसात कर्करोग करणाऱ्यांच्या पहिल्या गटात आहे, कारण त्यातले अनेक कड्यांचे अ‍ॅरोमॅटिक. पूर्वी यंत्रांच्या तेलाने भिजलेल्या कपड्यांत काम करणाऱ्यांना त्वचेचे कर्करोग झालेले आहेत. आजची बेस ऑइलं शुद्ध असतात, पण इंजिनात जळलेल्या तेलात ते अ‍ॅरोमॅटिक पुन्हा जमा होतात. जुनं तेल काढताना हातमोजे घाला आणि तेलकट फडकं खिशात कोंबू नका.

पाना_स्पॅनर

हे आमच्या फ्लोअरवर चिकटवते.

जाता जाता माझा प्रश्न, कारण रोजचा आहे. ग्रीस निवडताना सगळे "दोन नंबर" म्हणतात आणि संपवतात. त्यातल्या तेलाचं काय?

घर्षणशत्रू

दोन नंबर म्हणजे एनएलजीआयचा घट्टपणा, बोटाला किती मऊ लागतं ते. बेअरिंगमध्ये थर धरतं ते तेल, आणि त्याची जाडी एनएलजीआय सांगत नाही. वेगाने फिरणाऱ्या मोटरच्या बेअरिंगला ४० अंशाला शंभरेक सेंटिस्टोकचं बेस असलेलं ग्रीस ठीक. हळू फिरणाऱ्या, भाराखाली दबलेल्या बेअरिंगला ४६० किंवा त्याहून जाड. दोन्ही ग्रीस दोन नंबरची असू शकतात, बोटाला सारखीच लागतील. उलटसुलट वापरली तर वेगवान बेअरिंग तापेल आणि हळू बेअरिंगमध्ये धातूला धातू घासेल. डेटाशीटवर "बेस ऑइल व्हिस्कॉसिटी, ४० अंश" अशी एक ओळ असते, ती आधी वाचा, मग बेस मिनरल आहे की पीएओ ते, आणि मग साबण. आणि ग्रीस बदलताना आधीचा साबण कोणता होता ते तपासा. लिथियमवर पॉलियुरिया चढवलं तर बऱ्याचदा दोन्ही सैल होऊन वाहून जातात.

पाना_स्पॅनर

आमच्या कन्व्हेयरच्या मोटरला आणि रोलरला आजवर एकाच बादलीतलं ग्रीस जातंय. उद्या डेटाशीट काढते आणि इथे टाकते.